शिमोनोसेकीच्या दोन खंडण्या

जपानचे मुख्य बेट होन्शू आणि त्याच्या नैर्ऋत्येचे क्यूशू यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. अगदी अरुंद जागी तिची रुंदी जेमतेम साडेसहाशे मीटर भरते. होन्शूच्या टोकावर शिमोनोसेकी हे बंदर, समोर क्यूशूच्या किनाऱ्यावर मोजी, तिथून थोडे पश्चिमेला कोकुरा आणि त्यापुढे यावाता. आज समुद्राखालच्या बोगद्यातून माणूस पंधरा मिनिटांत चालत पलीकडे जातो.

जपानच्या आधुनिकीकरणाची गोष्ट आपण बहुधा तोक्योपासून ऐकतो. कमोडोर पेरीची काळी जहाजे, सम्राट मेजीची पुनःस्थापना, रेल्वे, शाळा, राज्यघटना अशी ती पुढे सरकते. साम्राज्याचा विषय त्यानंतर वेगळ्या प्रकरणात येतो. जणू गाडी चांगली चालली होती आणि पुढे कुठेतरी रुळावरून घसरली. मला ही गोष्ट शिमोनोसेकीपासून सांगावीशी वाटते. कारण या एका गावाच्या नावाने, ३१ वर्षांच्या अंतराने, दोन खंडण्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. पहिली जपानने भरली, दुसरी जपानने घेतली. दोन्ही वेळी वाटाघाटींच्या ठिकाणी एक माणूस हजर होता. त्याचे नाव इतो हिरोबुमी.

शिमोनोसेकी हा चोशू संस्थानाचा मुलूख. १८५८ च्या करारांनी शोगुनच्या सरकारने परकीयांना बंदरे उघडून दिली, आणि त्याविरुद्ध सर्वांत जास्त संतापलेल्या संस्थानांपैकी चोशू एक. परकीयांना हाकलून द्या, असा सम्राटाचा हुकूम निघाला तेव्हा १८६३ च्या जूनमध्ये चोशूने या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या अमेरिकी व्यापारी जहाजावर तोफा डागल्या. मग फ्रेंच आणि डच जहाजांवर. इतो तेव्हा विशीतला, खालच्या दर्जाच्या घराण्यातला तरुण. त्याच वर्षाच्या आरंभी एदो शहरात बांधकाम चालू असलेली ब्रिटिश वकिलात जाळणाऱ्या टोळीत तो होता. गंमत अशी, की काही महिन्यांनी याच इतोला त्याच्या संस्थानाने आणखी चौघांबरोबर चोरून लंडनला पाठवले. शोगुनच्या कायद्याप्रमाणे देश सोडणाऱ्याला मृत्युदंड होता. शत्रूची वकिलात जाळायची आणि शत्रूच्याच देशात शिकायला जायचे, यात त्या पिढीला विसंगती वाटली नाही. पुढच्या ५० वर्षांचे सूत्र या एका प्रवासात आहे.

चोशूवर पाश्चात्त्य आरमार चालून जाणार, हे लंडनच्या वर्तमानपत्रात वाचून इतो आणि त्याचा सोबती इनोउए कावरू धावत परत आले. लढू नका, हे त्यांनी सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही. १८६४ च्या सप्टेंबरात ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड आणि अमेरिका यांची १७ जहाजे सामुद्रधुनीत शिरली आणि काही दिवसांत किनाऱ्यावरचे सगळे मोर्चे उद्ध्वस्त झाले. शरणागतीच्या बोलण्यांत दुभाषाचे काम इतोकडे आले.

मग हिशेब झाला. चार राष्ट्रांनी ३० लाख डॉलरची भरपाई मागितली. आम्ही शोगुनच्या आणि सम्राटाच्या आज्ञेने वागलो, असे चोशूने म्हटल्यामुळे ते देणे शोगुनच्या माथी बसले. त्याला निम्मीच रक्कम भरता आली. उरलेली नव्या मेजी सरकारने १८७४ पर्यंत फेडली. अमेरिकेला नंतर मनाची टोचणी लागली असावी, कारण तिने आपला वाटा १८८३ मध्ये परत केला. बाकीच्यांना तसे काही झाले नाही.

या खंडणीची खरी किंमत मात्र डॉलरमध्ये नव्हती. हप्ते लांबवण्याची सवलत हवी तर जकात कमी करा, असा दबाव परकीय वकिलांनी आणला, आणि १८६६ मध्ये जपानची आयात जकात साधारण पाच टक्क्यांवर बांधली गेली. ती बदलण्याचा हक्क जपानला पूर्णपणे परत मिळाला तो १९११ मध्ये. म्हणजे ज्या ४५ वर्षांत जपानने कारखाने उभारले, त्यातल्या बहुतेक काळात आपल्या उद्योगाला जकातीचे कुंपण घालण्याची त्याला सोय नव्हती, आणि सरकारी तिजोरीला बंदरांतून भरघोस उत्पन्न नव्हते. आधुनिक होण्यासाठी पैसा तर हवा. मग तो आणायचा कुठून?

शेतातून. १८७३ च्या जमीन महसूल सुधारणेने धान्यातला जुना सारा बंद झाला आणि जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या तीन टक्के इतका कर रोख भरायचा, असा नियम आला. पीक येवो न येवो, भाव चढो वा पडो, रक्कम तीच. रयतवारीची आठवण असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्याच वर्षी सक्तीची लष्करभरती सुरू झाली. भरतीच्या जाहीरनाम्यात ‘रक्ताचा कर’ असा शब्द आला होता, आणि सरकार खरोखरच मुलांचे रक्त काढून घेणार, या समजुतीने गावेच्या गावे उठली. आपण त्या अफवेला हसतो. पुढे मंचुरियात जे झाले ते पाहता त्या शेतकऱ्यांची समजूत फारशी चुकीची नव्हती. करविरोधी उठावांमुळे सरकारला १८७७ मध्ये दर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. पण १८८१ नंतर अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आखडले, तांदूळ आणि रेशीम यांचे भाव कोसळले, आणि कर मात्र तसाच राहिला. सावकारांच्या दारात जमिनी गेल्या. १८८४ च्या नोव्हेंबरात चिचिबूच्या डोंगरातले रेशीम उत्पादक शेतकरी कर्ज लांबवून द्या आणि कर कमी करा म्हणत हत्यारे घेऊन उतरले. तो उठाव चिरडायला सरकारला फौज पाठवावी लागली.

दुसरा पैसा रेशमाचा. परदेशी यंत्रे, जहाजे, तोफा यांची किंमत परकीय चलनात द्यावी लागे आणि ते चलन आणणाऱ्या मालात कच्चे रेशीम सर्वांत पुढे होते. १८७२ मध्ये तोमिओका इथे सरकारने फ्रेंच तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली नमुन्याची गिरणी काढली, तेव्हा कामाला मुली मिळेनात. परदेशी लोक मुलींचे रक्त पितात, अशी बोलवा होती. ते लाल वाइन पीत, त्यावरून. अखेर गिरणीच्या मुख्याने स्वतःच्या मुलीला पहिली कामगार म्हणून दाखल केले. तोमिओकाच्या त्या पहिल्या मुली बऱ्याचशा सामुराई घराण्यांतल्या होत्या आणि राष्ट्रकार्य म्हणून आल्या होत्या. पुढच्या पिढीचे तसे राहिले नाही. हिदा भागातल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुली आगाऊ उचल घेऊन नोमुगीची बर्फाळ खिंड ओलांडत सुवाच्या गिरण्यांत जात, वसतिगृहात कोंडल्यासारख्या राहत आणि दिवसाचे बारा-चौदा तास उकळत्या पाण्यातून कोशांचे तंतू उलगडत. जपानच्या युद्धनौकांची किंमत मोठ्या प्रमाणात या मुलींच्या बोटांतून निघाली.

हे सगळे चालू असताना जपानचे कर्ते पुरुष जग पाहत होते. १८७१ च्या अखेरीस इवाकुरा तोमोमी यांचे शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर निघाले. इतो त्यात होता. असमान करार बदलून मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती आणि ती कुठेच पुरी झाली नाही. १८७३ मध्ये बर्लिनला बिस्मार्कने त्यांना मेजवानी दिली आणि मोकळेपणाने सांगितले, की आंतरराष्ट्रीय कायदा बलाढ्य राष्ट्रे आपल्या सोयीपुरताच पाळतात. दुबळ्याने आधी बळ मिळवावे. शिष्टमंडळाच्या वृत्तांतात हे आवर्जून नोंदवले आहे.

शिष्टमंडळ परतले तेव्हा मागे राहिलेले मंत्री कोरियावर स्वारी करायला निघाले होते. साइगो ताकामोरी त्यांचा अग्रणी. परतलेल्या ओकुबो तोशिमिची यांनी ती स्वारी थांबवली आणि साइगो राजीनामा देऊन गेला. शांततेचा विजय म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, पण ओकुबोंचे मुद्दे पाहिले तर ते कोरियाच्या हक्काबद्दल नाहीत. तिजोरीत पैसा नाही, कर्ज वाढेल, रशिया टपून बसला आहे, असा तो हिशेब होता. हिशेब बदलला की धोरण बदलणारच. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, उन्यो नावाची जपानी युद्धनौका कोरियाच्या गांघ्वा बेटाजवळ गेली, तिच्यावर किनाऱ्यावरून गोळे आले, आणि तिने मोर्चे उडवून दिले. १८७६ मध्ये करार झाला. बंदरे उघडा, आमच्या माणसांचा न्याय आमचेच वकील करतील, ही कलमे पाश्चात्त्यांच्या करारांवरून जवळजवळ उतरवून घेतली होती. एक फरक मात्र होता. जपानला निदान पाच टक्के जकात तरी घेता येत होती. कोरियाला पहिली काही वर्षे तीही घेता आली नाही.

तेव्हा जपानमध्ये राज्यघटना नव्हती, लोकसभा नव्हती, मोठा पोलाद कारखाना नव्हता. पहिली रेल्वे सुरू होऊन चार वर्षे झाली होती. म्हणून आधी आधुनिकीकरण आणि मग साम्राज्य हा क्रम मला पटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वयाच्या आहेत.

राज्यघटना १८८९ मध्ये आली आणि तिचा मुख्य शिल्पकार इतोच. तिच्यात लष्कराचे सर्वोच्च नेतृत्व थेट सम्राटाकडे होते. लोकसभेला त्यात हात घालता येत नव्हता. तिच्या हाती होता तो अर्थसंकल्प, आणि तो ती वापरू लागली. मतदार कोण, तर वर्षाला १५ येन प्रत्यक्ष कर भरणारे पुरुष, लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. बहुतेक जमीनदार. कर कमी करा आणि युद्धनौका कमी बांधा, असे त्यांचे म्हणणे. १८९० पासून चार वर्षे सरकार आणि लोकसभा यांची नुसती ओढाताण चालली. १८९४ मध्ये चीनशी युद्ध सुरू होताच हिरोशिमात अधिवेशन भरले आणि १५ कोटी येनचा युद्धखर्च एकमताने मंजूर झाला. पंतप्रधान इतो होते. जे काम चार वर्षांच्या वादाने झाले नाही ते युद्धाने एका बैठकीत केले, हे त्या सभागृहातल्या कोणाच्या लक्षात आले नसेल असे वाटत नाही.

युद्ध कोरियावरून आणि काही अंशी कोरियाच्याच भूमीवर झाले. जुलै १८९४ मध्ये जपानी फौजेने सोलचा राजवाडा ताब्यात घेतला. त्याच्या आठवडाभर आधी ब्रिटनने परकीयांचे न्यायालयीन विशेषाधिकार सोडण्याच्या करारावर लंडनमध्ये सही केली होती. स्वतःच्या पायातली बेडी निघाली त्याच महिन्यात शेजाऱ्याच्या पायात घातली गेली. नोव्हेंबरात पोर्ट आर्थरमध्ये शिरलेल्या जपानी सैन्याने सामान्य नागरिकांची कत्तल केली. पाश्चात्त्य वार्ताहरांनी ती जगापुढे आणली.

१८९५ च्या मार्चमध्ये चीनचे वृद्ध मुत्सद्दी ली होंगझांग तहासाठी शिमोनोसेकीला आले. बोलणी शुन्पान्रो नावाच्या खानावळीत झाली. बोलण्यांहून परतताना एका माथेफिरू जपानी तरुणाने लींच्या चेहऱ्यावर गोळी झाडली. डोळ्याखाली गोळी घेऊनही ते वाचले आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसले. समोर इतो. ३१ वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर पराभूतांच्या बाजूने दुभाषाचे काम केलेला माणूस आता विजेत्याच्या खुर्चीत होता. १७ एप्रिलला सही झाली: तैवान, पेस्कादोरेस बेटे, ल्याओतुंग द्वीपकल्प आणि २० कोटी ताएल चांदी. रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी दमदाटी करून ल्याओतुंग परत करायला लावला, त्याबद्दल आणखी ३ कोटी. एकूण २३ कोटी ताएल म्हणजे सुमारे साडेआठ हजार टन चांदी, किंवा ३६ कोटी येन. जपानी सरकारच्या वार्षिक खर्चाच्या चौपट. चीनला ती फेडण्यासाठी युरोपीय बँकांची कर्जे काढावी लागली.

यावाताचा पोलाद कारखाना या खंडणीतून उभा राहिला, असे अनेक पुस्तकांत सरळ लिहिलेले असते. हिशेब पाहिला तर कारखान्याच्या वाट्याला आलेला थेट भाग अगदी लहान आहे. बहुतांश पैसा युद्धखर्चाची भरपाई, आरमार आणि लष्कर यांतच गेला. २ कोटी येन सम्राटाच्या घराण्याला मिळाले. शिक्षण आणि आपत्तीनिवारण या दोन्ही निधींना प्रत्येकी १ कोटी. पण खंडणीचे काम रकमेपेक्षा मोठे होते. ती लंडनमध्ये पौंडांत स्वीकारली गेली आणि तिच्या आधारावर जपानने १८९७ मध्ये सुवर्णचलन स्वीकारले. त्यामुळे पुढची कर्जे लंडनच्या बाजारात मिळू लागली. आणि यावाताच्या भट्टीला लागणारे लोहखनिज कुठून येई? चीनच्या हूबेई प्रांतातल्या दाये इथल्या खाणीतून. १९०१ मध्ये जर्मन आराखड्याची ही भट्टी पेटली, लवकरच बंद पडली, आणि जपानी अभियंत्यांनी तिचे दोष काढल्यावर १९०४ मध्ये नीट चालू लागली. शिमोनोसेकीहून ती जागा दूर नाही. सामुद्रधुनी ओलांडली की पलीकडच्याच किनाऱ्यावर.

युद्धाला खर्च आला होता सुमारे २० कोटी येन. म्हणजे युद्ध नफ्यात गेले. माझ्या मते जपानच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत घातक आकडा हाच. लढाईपेक्षा कॉलऱ्याने आणि इतर रोगांनी मेलेल्या हजारो सैनिकांचा त्या ताळेबंदात रकाना नव्हता, आणि तैवानमध्ये महिनोन्‌महिने लढलेल्या लोकांचा तर नव्हताच.

या हिशेबाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई ते जपान अशी जहाजवाहतूक सुरू केली. पी अँड ओ कंपनीची भाड्यातली मक्तेदारी मोडायची होती. या वाटेने मुंबईच्या बंदरातून कापसाच्या गाठी ओसाकाच्या सूतगिरण्यांना स्वस्तात जाऊ लागल्या. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांचे सूत जपानमध्ये विकले जाई. १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा वाढली. ते सूत जाई चीनमध्ये, जे मुंबईच्या गिरण्यांचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक होते. शिमोनोसेकीच्या तहाने तर चीनच्या बंदरांत कारखाने काढण्याचाही हक्क मिळवला होता. दोष कोणाला द्यायचा? मुंबईच्या मालकांना कापूस विकायचा होता आणि ओसाकाला तो हवा होता. ओसाकाच्या पाठीशी सरकार होते, मुंबईच्या पाठीशी नव्हते, एवढाच फरक.

तरीही १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद खरा होता. आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला नमवले, या बातमीचे ‘केसरी’ने आणि इतर पत्रांनी जे स्वागत केले ते स्वाभाविकच. तो आनंद भाषणांत संपला नाही. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली, त्यातून धोंडो केशव कर्व्यांना आपल्याकडच्या महिला विद्यापीठाची कल्पना सुचली आणि १९१६ मध्ये ते उभे राहिले. हे ऋण मान्य केले पाहिजे. जवाहरलाल नेहरूही लहानपणी त्या विजयाने हरखले होते. मात्र पुढे तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी नोंदवले, की त्या विजयातून आक्रमक साम्राज्यांच्या पंगतीत आणखी एक पान वाढले आणि त्याची झळ पहिल्यांदा लागली कोरियाला.

तोक्योत मात्र त्या वेळी आनंद नव्हता. या युद्धाचा खर्च चीनच्या युद्धाच्या आठपटीहून अधिक झाला होता आणि त्यातला बराच मोठा भाग लंडन-न्यूयॉर्कच्या कर्जांचा. ८० हजारांहून अधिक जपानी सैनिक दगावले. वाढीव कर भरलेली, मुले गमावलेली माणसे दुसऱ्या शिमोनोसेकीची वाट पाहत होती. ५ सप्टेंबर १९०५ रोजी पोर्ट्‌समथला तह झाला आणि त्यात खंडणीचा एक येनही नव्हता. त्याच दिवशी तोक्योच्या हिबिया उद्यानात जमलेला जमाव भडकला. पोलीस चौक्या जाळल्या गेल्या, १७ जण ठार झाले, लष्करी कायदा पुकारावा लागला. ही माणसे युद्धाविरुद्ध उठली नव्हती. युद्ध परवडले नाही म्हणून उठली होती. १८९५ ने त्यांना तेच शिकवले होते.

वेगळे बोलणारे होते. उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती विचारवंताने १८९४ मध्ये चीनविरुद्धचे युद्ध न्याय्य ठरवणारा लेख लिहिला होता. विजयाची फळे पाहिल्यावर त्याला त्याची लाज वाटली, आणि १९०३ मध्ये रशियाविरुद्ध युद्धाची हाक देऊ लागलेल्या वर्तमानपत्रातली नोकरी त्याने सोडली. त्याच्याबरोबर समाजवादी कोतोकू शूसुईनेही सोडली. कोतोकूने युद्धविरोधी साप्ताहिक काढले; १९११ मध्ये सम्राटाच्या हत्येच्या कटाच्या आरोपाखाली त्याला फाशी झाली. दुसरी वाट होती म्हणूनच ती बंद करावी लागली.

रोख खंडणी मिळाली नाही, तेव्हा कोरिया मिळाला. तहानंतर सहा दिवसांनी शिमोनोसेकी आणि पुसान यांच्यामध्ये नियमित बोट सुरू झाली. नोव्हेंबरात सोलला जाऊन कोरियाच्या मंत्र्यांकडून संरक्षित राज्याचा करार लिहून घेतला तो इतोनेच. पहिला रेसिडेंट जनरलही तोच. रेसिडेंट हा शब्द पेशव्यांच्या आणि सातारच्या इतिहासामुळे आपल्याला चांगला परिचित आहे. १९०९ च्या ऑक्टोबरात हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने इतोला गोळ्या घातल्या. जपानमध्ये तो मारेकरी, कोरियात आजही हुतात्मा. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९१० मध्ये, कोरिया जपानला जोडला गेला. शिमोनोसेकीची बोट नंतरच्या ३५ वर्षांत लाखो कोरियनांना इकडे घेऊन आली. आधी पोटासाठी, शेवटी सक्तीने. खाणींत आणि कारखान्यांत.

१९४४ च्या जूनमध्ये चीनमधल्या तळांवरून उडालेली अमेरिकी बी-२९ विमाने जपानच्या मुख्य बेटांवर पहिल्यांदा आली ती यावाताचा कारखाना शोधत. ८ ऑगस्ट १९४५ ला त्यांनी यावाता पेटवून दिले. दुसऱ्या दिवशी दुसरा अणुबाँब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य होते शेजारच्या कोकुराचे शस्त्रागार. विमानाने तीन घिरट्या घातल्या. खाली ढग आणि धूर. लक्ष्य दिसले नाही. विमान नागासाकीकडे वळले.

यावाताची पहिली भट्टी होती त्या जागी आज नंतर पुन्हा बांधलेली भट्टी स्मारक म्हणून उभी आहे. तिच्या माथ्यावर १९०१ असा मोठा आकडा लावलेला आहे. कारखान्याचे जुने मुख्य कार्यालय २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, जपानच्या मेजी औद्योगिक क्रांतीच्या २३ स्थळांपैकी एक म्हणून. दक्षिण कोरियाने हरकत घेतली. यांतल्या काही ठिकाणी आमच्या माणसांना जबरदस्तीने राबवले, ते आधी लिहा, असे तिचे म्हणणे. जपानच्या प्रतिनिधीने सभेत ते मान्य केले आणि माहिती केंद्र उभारण्याचे आश्वासन दिले. केंद्र २०२० मध्ये तोक्योत उघडले. त्यात ती माहिती पुरेशी नाही, याबद्दल युनेस्कोच्या समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद नोंदवला. जपानचे म्हणणे असे होते, की वारसायादीचा कालखंड १८५० च्या दशकापासून १९१० पर्यंतचाच आहे आणि सक्तीचे श्रम त्यानंतरचे.

१९१० हेच यादीचे शेवटचे वर्ष आहे.